टीबीच्या गोळ्यांचं चित्रकार्ड : कामाच्या नोंदी

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

काम ठरलं. पालघर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या टीबी विभागासाठी चित्रांचं कार्ड करायचं, पेशंटच्या हातात देता येईल असं. मुदत दिवाळीपर्यंत. भातकापणी उरकली की इथले पाडे रिकामे होतात. माणसं बायकापोरांसकट भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा, म्हणजे आत्ता ज्याचं औषध सुरू होईल त्याच्या निम्म्या गोळ्या परमुलखात संपणार. तिथे ओळखीची आशाताई नाही की सिस्टर नाही.

दवाखान्याच्या भिंतींवर आधीच काय काय आहे ते फिरून पाहिलं. हात धुण्याच्या पायऱ्या, डेंग्यू, स्तनपान, कुष्ठरोग, सिकलसेल. फ्लेक्सवर फ्लेक्स. बाकावरची माणसं मात्र त्यांच्याकडे पाठ करून औषधाच्या खिडकीकडे तोंड करून बसतात, कारण नाव तिथून पुकारतात. पोस्टर लावताना फोटो निघतो, फोटो अहवालात जातो आणि पोस्टरचं काम तिथेच संपतं. भिंतीचा विचार सोडला.

८ ऑगस्ट

आजचा दिवस औषधाच्या खिडकीमागे, फार्मासिस्ट दादांच्या शेजारच्या स्टुलावर.

टीबीच्या गोळ्या आता एकत्र करून येतात. पहिले दोन महिने एका गोळीत चार औषधं, पुढचे चार महिने तीन. रोज किती गोळ्या ते वजनावर: २५ ते ३४ किलोला दोन, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार. इथे बरेच जण तीनवाले. तिन्ही एकदम घ्यायच्या, सकाळी, उपाशीपोटी.

गाडी अडते ती या ‘एकदम’पाशी. बाकी सगळ्या औषधांच्या पाकिटावर दादा १-०-१ नाहीतर १-१-१ लिहितात. तीन गोळ्या म्हणजे सकाळ-दुपार-रात्र हा हिशोब लोकांच्या अंगात मुरलाय. उपचार पर्यवेक्षक (इथे सगळे त्यांना एसटीएस म्हणतात) सांगत होते, एक बाबा महिनाभर तीन वेळा एकेक करून घेत होते, एकही गोळी न चुकवता. त्यांना बेशिस्त कोण म्हणेल? पण गोळीतल्या रिफॅम्पिसिनसारख्या औषधाला रक्तातली पातळी एका झटक्यात वर न्यावी लागते. मात्रा विभागली की ते साधत नाही.

पहिलं चित्र ठरलं: एका तळहातावर तीन गोळ्या.

१३ ऑगस्ट

तयार चित्रचिन्हं चाळली. अमेरिकन औषधसंहितेचा, म्हणजे यूएसपीचा, ८१ चिन्हांचा संच आहे. रेघ स्वच्छ, काम नेटकं. पण तिथे जेवण म्हणजे काटा-चमचा. आमच्याकडे नागलीची भाकरी आणि वाटीत आमटी. ती चिन्हं तशीच उचलून लावणं जमणार नाही, पण एका चित्रात एकच गोष्ट सांगायची ही त्यांची शिस्त घेण्यासारखी आहे.

दुसरी घेण्यासारखी गोष्ट व्हिएन्नाच्या ओटो न्यूराथची. १९२० च्या दशकात त्याने आकडेवारी चित्रांत मांडायची पद्धत बसवली, आयसोटाइप नावाने ती पुढे गाजली. नियम असा की संख्या वाढली तर चित्र मोठं करायचं नाही, तेच चित्र जास्त वेळा काढायचं. तीन गोळ्या म्हणजे सारख्या मापाच्या तीन. मोठी गोळी काढली की लोक तिला ‘पावरवाली’ म्हणतात, हे दादांनी न विचारता सांगितलं.

२१ ऑगस्ट

निधी देणाऱ्यांचा फोन. “वारली शैलीत करा ना, लोकांना आपलंसं वाटेल.” ही सूचना येणार हे माहीतच होतं.

दोन अडचणी. वारली चित्र इथे मुळात लग्नाचं. घराच्या भिंतीवर चौक लिहितात, पालघाट देवी बसवतात. जिव्या सोमा मशे यांच्यापासून ते कागदावर आलं, जगभर गेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, सगळं खरं. पण खोकल्याचा बेडका आणि लघवीचा रंग त्या रेषेत काढला तर घरातली म्हातारी माणसं काय म्हणतील, हे मुंबईत बसून कळत नाही. दुसरी अडचण निव्वळ शरीरशास्त्राची. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. पोट जिथे असायला हवं तिथे नेमका बिंदू. उपाशीपोट दाखवायचं कुठे?

साधी काळी रेघ, भरलेली शरीरं, डोळे-नाक असलेले चेहरे, असं ठरवून टाकलं. फोनवर मात्र “बघतो” म्हणालो.

३ सप्टेंबर

पहिली चाचणी, पाड्यावर. लावणी उरकलेली, माणसं घरी होती. आशाताई बरोबर होत्या. “समजलं का?” हा प्रश्न विचारायचाच नाही असं आम्ही ठरवलं होतं, कारण त्याला सगळे “हो” म्हणतात. विचारायचं ते असं: “यात काय चाललंय? हे कार्ड तुम्हाला दिलं तर उद्या सकाळी तुम्ही काय कराल?”

सकाळची वेळ दाखवायला घड्याळ काढलं होतं. पहिल्याच मावशी म्हणाल्या, “हे घड्याळवाल्यांचं.” शेजारचे आजोबा पुढे सरकले. “मग पंजा कुठाय?” मावशींनी बोट ठेवलं, “हा काय, खालीच.”

तीन गोळ्यांचा तळहात!

हसून झालं, पण यात मोठी गोष्ट आहे. या माणसांना चित्र वाचता येत नाही असं म्हणायची सोय नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीपासून देशातला निरक्षर माणूस चिन्ह ओळखून मत देत आलाय. कोरं, चपटं, एकटं काढलेलं चित्र म्हणजे निशाणी, हे वाचन पक्कं बसलंय. दुकानातही तेच. बिडीच्या बंडलावर, जर्द्याच्या पुडीवर चित्र असतं ते ‘छाप’ म्हणून. २००९ साली तंबाखूच्या पुड्यांवर सरकारी इशारा म्हणून विंचू आला, तेव्हा टपरीवर लोक “ती विंचवाची दे” म्हणायचे, असं फार्मासिस्ट दादांना आठवतं.

तर तळहात समोरून, बोटं पसरून काढायचा नाही. बाजूने, ओंजळीसारखा, मनगटात बांगडी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. घड्याळ गेलं. सकाळसाठी पेटलेली चूल आणि तिच्यापुढे पालथं ताट, म्हणजे चूल पेटलीय पण जेवण अजून व्हायचंय.

फुलीचीही गंमत झाली. बिडीवर मोठी लाल फुली मारली होती. तरुण सून म्हणाली, “इथे अंगठा द्यायचा.” बरोबरच आहे. कचेरीत, बँकेत, रेशनच्या कागदावर बाबू जिथे फुली करतो तिथेच सही-अंगठा असतो. ‘नको’ दाखवायला फुली वापरण्यात अर्थ नाही. दारूसाठी पालथा ग्लास, बिडीसाठी पायाखाली चिरडलेलं थोटूक.

आणि एकाच माणसाची ओळीने तीन चित्रं: खोकतोय, औषध घेतोय, बरा झालाय. “हे तिघे भाऊ का?” पट्टी रद्द.

४ सप्टेंबर

चिन्ह किती लोकांना समजलं की चालेल, याचे मापदंड आहेत. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा जुना निकष ६७ टक्के. अमेरिकेतल्या एएनएसआय या मानक संस्थेचा ८५ टक्के, आणि वर एक अट: नेमका उलटा अर्थ लावणारे ५ टक्क्यांच्या वर नकोत. मला ही दुसरी अट महत्त्वाची वाटते. चित्र न समजलेला माणूस विचारतो तरी. उलटं समजलेला खात्रीने चुकीचं करतो. आमच्या कार्डापुरता नियम कडक केला: एकानेही उलटा अर्थ लावला तर ते चित्र बाद.

११ सप्टेंबर

नारिंगी लघवीचं चित्र. सगळ्या कार्डातलं हे सर्वांत अवघड.

रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी-लालसर होते. कधी घाम, डोळ्यांचं पाणीही. त्यात धोका काही नाही. पण आधी कुणी सांगितलेलं नसेल तर माणूस समजतो रक्त जातंय आणि गोळ्या बंद करतो. दुसरीकडे याच औषधांनी क्वचित यकृताला त्रास होतो, डोळे पिवळे होतात, उलट्या होतात. तेव्हा मात्र वाट बघत बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. म्हणजे कार्डावर दोन रंग, जवळजवळचे, आणि निरोप एकमेकांच्या विरुद्ध. एक म्हणतो घाबरू नका, चालू ठेवा. दुसरा म्हणतो ताबडतोब या.

रंगीत नमुन्यात दोन्ही शेजारी होते. एका काकांनी नारिंगीवर बोट ठेवून सांगितलं, “असं झालं की डॉक्टरकडे.” नियमाप्रमाणे चित्र बाद.

त्यातच सिस्टर म्हणाल्या, “रंगीत कशाला करता? संपली की आम्ही झेरॉक्सच मारणार.” खरं आहे. छापील गठ्ठा तीन महिन्यांत संपतो, पुढे झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स. रंगावर उभं असलेलं चित्र त्या मशिनीत राखाडी होऊन बाहेर पडतं.

संध्याकाळपर्यंत मांडणी बदलली. कार्डाची आतली बाजू घराची: गोळ्या, चूल, नारिंगी लघवी (पाठमोरा माणूस, जमिनीवर ओघळ, बाजूला बायको शांतपणे भांडी घासतेय. ती दचकलेली नाही, हाच निरोप). मागची बाजू फक्त ‘या’ची: पिवळे डोळे, उलटी, अंधुक दिसणं आणि खुर्चीवर बसलेली सिस्टर. खाली निक्षयचा (टीबी पेशंटांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीचा) टोल फ्री नंबर १८००-११-६६६६, मोठ्या आकड्यांत. आता दोन विरुद्ध निरोप एका नजरेत येत नाहीत.

१८ सप्टेंबर

बेडक्याचं चित्र. डबीत थुंकी नको, छातीतून आलेला बेडका हवा. हात छातीवर, वाकलेली पाठ, गळ्याच्या शिरा. जमलं. प्रयोगशाळेतल्या ताईंनी एकच सुधारणा सांगितली: माणूस उघड्यावर, झाडाखाली दाखवा, खोलीत नको. लगेच केली.

जुन्या एका पोस्टरवर टीबीचा पेशंट वेगळ्या खाटेवर, वेगळी ताटली घेऊन एकटा बसलेला आहे, बरगड्या मोजता येतील असा. टीबी हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. हे चित्र अजून भिंतीवर आहे आणि ते बघूनच घरोघरी भांडी वेगळी होतात. आमच्या कार्डावर पेशंट घरच्यांच्या पंगतीत आहे, दार-खिडकी उघडी, खोकला आला तर तोंडावर पदर.

२६ सप्टेंबर

आज सिस्टरांना नमुना दिला आणि मी कोपऱ्यात बसलो. रंग अजून छापलेला नव्हता, म्हणून त्यांनी टेबलावरचं नारिंगी स्केचपेन उचललं आणि बोलता बोलता तो ओघळ रंगवला. समोरची बाई तोवर ‘हो हो’ करत दाराकडे बघत होती. पेन कागदाला लागलं तशी ती पुढे वाकली. “हे काय?” “तुझी लघवी अशी होणार.” “आणि मग?” “मग काही नाही, गोळी चालू.” तिने ते पेन मागून घेतलं आणि उरलेला ओघळ स्वतः भरला. शेजारच्या नवऱ्याला तिनेच समजावलं, शब्दाला शब्द.

छापून पूर्ण झालेल्या कुठल्याही नमुन्याने हे घडलं नव्हतं.

तेव्हा ठरवलं, चित्र मुद्दाम अर्धवट ठेवायचं. ओंजळीत गोळ्या छापायच्या नाहीत. वजन बघून दोन, तीन की चार, ते सिस्टरांनी पेशंटसमोर काढायचं. ओघळाला रंग नाही, बुबुळाभोवतीच्या पांढऱ्याला रंग नाही. नारिंगी आणि पिवळं, दोन स्केचपेनं टेबलावर. झेरॉक्सचा प्रश्नही त्यात सुटला.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी बालन्यूमोनियासाठी केलेला श्वासमापक आठवला. निरक्षर दाईसुद्धा वापरू शकेल असा: वाळूची एक मिनिटाची घडी आणि ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. त्यात वाचायचं काही नाही, करायचं आहे. हाताला काम दिलं की डोकं मागे राहत नाही.

५ ऑक्टोबर

गोळ्यांचं कोष्टक. आठ आठवडे आणि सोळा आठवडे, मिळून २४ ओळी, सातसात घरं, १६८ डोस. आठव्या ओळीशी बेडक्याची डबी आणि वजनकाटा.

ओळ सोमवारी सुरू करायची की रविवारी? आशाताई म्हणाल्या, बाजाराच्या दिवशी. इथला आठवडा बाजारापासून बाजारापर्यंत. पहिल्या घरात पिशवी काढली. मग एसटीएसनी विचारलं, भट्टीवर गेल्यावर काय? तिथे आठवडा खर्चीच्या दिवसापासून धरतात, मुकादम खर्चीचे पैसे देतो त्या दिवसापासून. पिशवी पुसली. पहिलं घर कोरं, ज्याने त्याने आपली खूण सांगायची.

९ ऑक्टोबर

निक्षय पोषण योजनेत टीबी पेशंटला आहारासाठी मिळणारे महिना ५०० रुपये १ नोव्हेंबरपासून १,००० होणार. मी ५०० असा आकडा छापायला टाकलेला नव्हता, तिथेही कोरी चौकट आहे. शेजारी बँकेच्या पासबुकाचं चित्र. खातं नसल्यामुळे पैसे अडकतात, रकमेपेक्षा तो निरोप जरुरीचा.

१६ ऑक्टोबर

विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. कार्यालयातून विचारणा आली, कार्डावर कुणाचा फोटो, कुठलं चिन्ह आहे का. घड्याळ आणि पंजा सप्टेंबरातच गेले होते, त्यामुळे पंधरा मिनिटांत मंजुरी. पाड्यावरच्या मावशींचे आभार मानायला हवेत.

२३ ऑक्टोबर

छपाई. एकरंगी, जाड मॅट कार्ड, दोन घड्या. प्रेसवाले लॅमिनेशनसाठी हटून बसले होते: “पावसात भिजेल.” पण लॅमिनेशनवर स्केचपेन धरत नाही. इथे प्रत्येकाकडे आधार कार्डाचं प्लास्टिकचं पाकीट असतंच. कार्ड घडी घालून त्यात बसेल त्याच मापाचं केलं.

अक्षरं थोडीच आहेत, पण वाचणारी शाळकरी पोरं घरात असतात. सॉफ्टवेअरमध्ये भाषा हिंदी राहिली तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. तेवढं बदलून घेतलं. मुलांनी पुस्तकात गिरवलेलंच अक्षर हवं.

२१ नोव्हेंबर

काल मतदान झालं. बरेच जण भट्टीवरून मतदानाला आले होते, त्यांना आज जीप निघायच्या आधी गाठलं. जी कार्डं हाताला लागली ती अशी:

एकावर सगळ्या खुणा काळ्या, फासल्यासारख्या. पेन नव्हतं म्हणून भट्टीवरच्या कोळशाने केलेल्या. कार्ड मळलंय, पण स्ट्रिपमधल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या तर हिशोब चोख. एकावर कुंकवाची बोटं. एकावर पुढच्या दोन आठवड्यांच्याही खुणा करून ठेवलेल्या. “तुम्ही बघायला येणार म्हणून.” याचा अर्थ उघड आहे: कोष्टक पेशंटच्या आठवणीसाठी ठेवावं, हजेरी म्हणून वापरू नये. हजेरी घ्यायची तर गोळ्या मोजाव्यात. एसटीएसना हे पटलं, वरच्या कार्यालयाला पटवणं त्यांच्याकडे.

एका ताईंना तिकडे भिवंडीत उलट्या झाल्या. कार्डाची मागची बाजू दाखवून त्या जवळच्या सरकारी दवाखान्यात गेल्या, तिथून निक्षयवर नोंद सापडली, औषध खंडलं नाही. हे एक उदाहरण. जे मतदानाला आलेच नाहीत त्यांची कार्डं कुठे आहेत ते जानेवारीत भट्ट्यांवर गेल्यावर बघायचं.

९ डिसेंबर

शनिवारी, ७ तारखेला, शंभर दिवसांची टीबी मोहीम देशातल्या निवडक जिल्ह्यांत सुरू झाली. लगेच मागणी आली: कार्डातली चित्रं मोठी करून दहा बाय सहाचा फ्लेक्स करून द्या, वर मान्यवरांचे फोटो येतील. फाइल दिली नाही. कळवलं की ही चित्रं अर्धी आहेत, उरलेली पेशंटसमोर भरायची असतात. रिकाम्या ओंजळीचा फ्लेक्स लावलात तर लोक समजतील गोळ्या संपल्या. फ्लेक्ससाठी पंगतीचं चित्र वेगळं काढून देतो म्हटलं, म्हणजे निदान ते वेगळ्या ताटलीचं जुनं पोस्टर तरी उतरेल. अजून उत्तर नाही.

दुसऱ्या छपाईतले बदल प्रेसला कळवले: कोष्टकाची घरं बोट उमटेल एवढी मोठी, अंधुक दिसण्याचं चित्र नव्याने (सध्याचं लोकांना झोपलेला माणूस वाटतं), टोल फ्री नंबर अजून ठळक. स्केचपेनं औषधांच्या मागणीपत्रात बसत नव्हती. क्लार्कने ती स्टेशनरीत, रजिस्टरांच्या खाली घातली आणि नारिंगी-पिवळ्याच्या जोडीला बाकीचे दहा रंग कशाला, असं विचारलं. बाजारात बाराचाच डबा मिळतो.